खड्या पारशाचा मुलगा आणि काळी गोटी

भायखळ्याला दोन उड्डाणपुलांच्या मधल्या बेचक्यात एक पारशी गृहस्थ दीडशे वर्षांहून अधिक काळ उभे आहेत. उंच खांब, पायाशी चार जलपऱ्या, वर पारशी पोशाखातली धीरगंभीर मूर्ती. मुंबईकरांनी या स्मारकाला सरळ ‘खडा पारशी’ म्हणून टाकलं आणि मूळ नाव विसरून गेले. हे आहेत करसेटजी माणेकजी श्रॉफ, जुन्या मुंबईतले व्यापारी. इंग्लंडच्या कोलब्रुकडेल इथल्या प्रसिद्ध ओतशाळेत हे स्मारक ओतलं गेलं आणि त्याचा शिल्पकार होता जॉन बेल. एवढा खर्च केला त्यांच्या मुलानं, माणेकजी करसेटजींनी. वडील खांबावर चढले, मुलगा मात्र शहराच्या आठवणीतून उतरला. मला यातला मुलगा जास्त महत्त्वाचा वाटतो. मुंबईतल्या एका ‘गुप्त’ संस्थेतल्या हिंदी सभासदांचा इतिहास त्याच्यापासून सुरू होतो, आणि त्या इतिहासात गुप्त असं फार थोडं आहे.

माणेकजींना नकार पचवण्याची सवय होती, असं म्हणायला हरकत नाही. 1833 साली त्यांचं नाव एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या सभासदत्वासाठी सुचवलं गेलं. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आपण आज ज्या ग्रंथालयात जातो, तीच ही संस्था. हिंदुस्थानातल्या विद्यांचा अभ्यास करण्यासाठी काढलेल्या या संस्थेत तोवर एकही हिंदी सभासद नव्हता, आणि माणेकजींनाही घेतलं गेलं नाही. यावर त्यांनी भांडण केलं नाही, अर्ज थेट लंडनला धाडला. 1835 साली मूळ रॉयल एशियाटिक सोसायटीनंच त्यांना सभासद करून घेतलं. आता मुख्य कचेरीचा सभासद शाखेनं किती दिवस बाहेर ठेवायचा? 1840 साली मुंबई शाखेचं दार उघडलं आणि माणेकजी तिचे पहिले हिंदी सभासद झाले. समोरचं दार लागलेलं असेल तर मालकाच्या गावी जाऊन किल्ली आणायची, ही युक्ती त्यांना इथं सापडली. पुढच्या दाराला त्यांनी तीच लावून पाहिली.

ते दार फ्रीमेसन मंडळींच्या लॉजचं होतं.

फ्रीमेसन म्हणजे काय, हे सांगायला इंग्रजीपेक्षा आपल्या गवंड्याची पिशवी बरी पडते. त्या पिशवीत गुण्या असतो, ओळंबा असतो, पाणसळ असते. गुण्यानं काटकोन तपासायचा, ओळंब्यानं भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायचं, पाणसळीनं थर समपातळीत आणायचा. मध्ययुगातल्या युरोपात मोठमोठी चर्चं बांधणाऱ्या पाथरवटांच्या टोळ्या असत. कामाच्या जागी त्यांची खोपटी असे, तिला लॉज म्हणत. शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा त्यांच्या पायऱ्या होत्या. पुढे या मंडळींत दगडाला कधी हात न लावलेले वकील, सरदार, डॉक्टर शिरले आणि हत्यारांचे अर्थ बदलले. दगड म्हणजे माणूस, टाकी म्हणजे शिक्षण, गुण्या म्हणजे सचोटी, पाणसळ म्हणजे समता. 24 जून 1717 रोजी लंडनमधली चार लॉज एकत्र आली आणि ग्रँड लॉज स्थापन झाली. आजच्या फ्रीमेसनरीचा जन्म तिथला धरतात.

आत काय चालतं? ही सगळ्यांची उत्सुकता, म्हणून ती आधीच भागवतो. जमिनीवर काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी. पूर्वेला अध्यक्षाची खुर्ची, कारण सूर्य तिकडून उगवतो. दाराबाहेर उपसलेली तलवार घेतलेला पहारेकरी, त्याला टायलर म्हणतात. कमरेला कोकराच्या कातड्याचा एप्रन. नव्या उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत आणतात, त्याच्याकडून शपथ घेतात, मग पट्टी सोडतात. तिसऱ्या पायरीवर राजा सॉलोमनच्या मंदिराचा प्रमुख कारागीर हायरम याची कथा नाट्यरूपात येते. गुपित सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माणसाची ती कथा आहे. खुणा, हात मिळवण्याची पद्धत, परवलीचे शब्द हेही सगळं आहे. पण यातलं जवळजवळ सारं सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसानं 1730 सालीच लंडनमध्ये छापून विकलं होतं. म्हणजे ग्रँड लॉज तेरा वर्षांची होत नाही तोच तिचं गुपित बाजारात आलं. तरी संस्था बुडाली नाही, उलट वाढली. गुपिताचा उपयोग लपवण्यापेक्षा सभासदांना एकमेकांशी बांधून ठेवायला जास्त होत असावा.

बाहेरच्यांचं मात्र कल्पनेचं पीक जोरात. उत्तर हिंदुस्थानात लॉजच्या इमारतींना लोक ‘जादूघर’ म्हणत. फारसी जाणणारे ‘फरामोशखाना’ म्हणत, म्हणजे विसरण्याचं घर. फ्रीमेसन या शब्दाचा कानाला लागलेला उच्चार आणि आत जाऊन आलेला माणूस काही सांगत नाही हा अनुभव, दोन्ही एका शब्दात बसले. इंग्रजीत या संस्थेला यापेक्षा चांगलं नाव मिळालेलं नाही.

मेसन मंडळी कंपनीच्या जहाजांबरोबर हिंदुस्थानात आली. कलकत्त्याला 1730 च्या सुमारास लॉज निघालं, मुंबईत 1758 साली. सभासद अर्थातच गोरे. अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याला 1770 च्या दशकात दीक्षा मिळाली होती, पण तो राजपुत्र. कंपनीला त्याच्या दरबारात काम होतं. असे अपवाद राजकारणात चालतात, नियम त्यामुळे बदलत नाही.

नियमांच्या पुस्तकात मात्र कातडीच्या रंगाचा उल्लेखच नव्हता. अडचण होती ती ही. मेसन होण्यासाठी माणूस स्वतंत्र असावा, चारित्र्यानं चांगला असावा, आणि त्यानं एका परमेश्वराला मानावं. कोणता परमेश्वर, हे विचारायचं नाही. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. या नियमांप्रमाणे पारशी माणसाला नकार देण्यासाठी कारण शोधूनही सापडत नव्हतं. पण कारण द्यावंच लागत नाही, अशी सोय संस्थेनं करून ठेवली होती. नव्या नावावर मतदान होतं ते पेटीत गोट्या टाकून. पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे तीन काळ्या गोट्या पडल्या की उमेदवार बाद, आणि एखाद्या लॉजला वाटलं तर दोन किंवा एकही पुरे असं ते ठरवू शकत असे. गोटी कोणी टाकली ते कळत नाही, का टाकली ते विचारायचं नाही. वर समतेची पाणसळ, खाली काळी गोटी!

माणेकजींनी युरोप गाठला. लंडनमध्ये दीक्षा मिळाली नाही, मग ते पॅरिसला गेले आणि तिथल्या एका फ्रेंच लॉजनं त्यांना मेसन करून घेतलं. मुंबईला परतल्यावर त्यांनी लॉज पर्सिव्हिअरन्सकडे प्रवेश मागितला. आता ते उमेदवार नव्हते, रीतसर दीक्षा घेतलेले बंधू होते. किल्ली मालकाच्या गावाहून आणलेली होती. तरीही नकार मिळाला. एशियाटिकवाल्यांनी लंडनचा मान राखला होता, इथं पॅरिसचा कोणी राखला नाही.

अशा वेळी जो माणूस पुढे आला त्याचं नाव डॉ. जेम्स बर्न्स. जन्म 1801, गाव स्कॉटलंडमधलं मॉन्ट्रोझ, कवी रॉबर्ट बर्न्सच्या भाऊबंदांपैकी. कंपनीच्या वैद्यकीय खात्यात नोकरी. कच्छमध्ये असताना सिंधच्या अमिराच्या उपचारासाठी त्याला बोलावणं आलं, त्या प्रवासावर त्यानं पुस्तक लिहिलं. 1836 साली स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजनं त्याला पश्चिम हिंदुस्थानासाठी आपला प्रांतिक प्रमुख नेमलं. इंग्लंडची आणि स्कॉटलंडची ग्रँड लॉज स्वतंत्र, त्यामुळे मुंबईत मेसनांची दोन दुकानं झाली आणि बर्न्सच्या उत्साहामुळे स्कॉटिश दुकान जोरात चालू लागलं. चढाओढीमुळे गिऱ्हाइकाचा फायदा होतो, तसा तो इथंही झाला असणार.

पण बर्न्सला केवळ चढाओढीच्या खात्यात टाकणं अन्यायाचं होईल. 2 नोव्हेंबर 1841 रोजी काबूलमध्ये जमावानं त्याच्या दोन धाकट्या भावांना ठार मारलं होतं. त्यातला एक अलेक्झांडर बर्न्स, बुखाऱ्याच्या प्रवासानं इंग्लंडभर गाजलेला. त्या बातमीनंतर हिंदुस्थानातल्या अनेक गोऱ्यांची मनं सगळ्याच ‘नेटिवां’विषयी कडवट झाली. ज्याच्या घरातली दोन माणसं गेली, त्या जेम्सनं दोनच वर्षांनी, 1843 साली, मुंबईत हिंदी माणसांना दीक्षा देणारं लॉज उभं केलं. नाव ठेवलं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’. पश्चिम हिंदुस्थानाचा उगवता तारा. सुरुवातीच्या हिंदी सभासदांत पारशी होते, मुसलमान होते, आणि माणेकजी होतेच. शपथ प्रत्येकानं आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची.

इथं एक गोष्ट नजरेआड करू नये. जुन्या लॉजांनी आपली दारं उघडली नव्हती, शेजारी एक नवं दार काढलं गेलं होतं. वेगळ्या पाणवठ्याची ही तडजोड आपल्याला अनोळखी नाही. फरक इतकाच की या नव्या पाणवठ्यावर गोरेही येत होते, आणि एकदा मेसन झालेला पारशी नियमाप्रमाणे जगातल्या कोणत्याही लॉजचा बंधू होता. शिवाय लॉजमध्ये खुर्ची पाळीपाळीनं मिळते. पुढे पारशी माणसं अध्यक्षाच्या, म्हणजे ‘वर्शिपफुल मास्टर’च्या खुर्चीत बसू लागली आणि समोरच्या गोऱ्या साहेबाला उभं राहून त्यांना त्या पदवीनं संबोधावं लागे. भायखळा क्लबात हिंदी माणसाला जागा नव्हती. गोऱ्या आणि हिंदी माणसांना बरोबरीनं घेणारा विलिंग्डन क्लब निघायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्या हिशेबात 1843 हे साल फार लवकरचं आहे.

मेसनांची सभा संपली की जेवण असतं, आणि ते सभेइतकंच महत्त्वाचं मानतात. एका टेबलावर गोरा, पारशी, मुसलमान. मुंबईतल्या हिंदूंची गाडी अडली ती निम्मी इथंच. दीक्षा घेतली हे लपवता येईल, पंगत कशी लपवणार? दुसरं कारण गोऱ्यांच्या बाजूचं: हिंदू अनेक देव मानतात, मग ‘एक परमेश्वर’ या अटीत ते बसतात का? कलकत्त्याला या प्रश्नावर नऊ वर्षं खल झाला. प्रसन्नकुमार दत्त नावाच्या गृहस्थांनी 1863 साली अर्ज केला. तिथल्या प्रांतिक प्रमुखांनी विरोध केला, प्रकरण लंडनपर्यंत गेलं, आणि 1872 साली ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. बारा वर्षांनी, 1884 साली, त्याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एकवीस वर्षांचा तरुण मेसन झाला. पुढे त्याला जगानं स्वामी विवेकानंद म्हणून ओळखलं. मुंबईतही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ‘लॉज इस्लाम’ आणि ‘लॉज आर्यन’ निघाली. नावांतूनच सगळं कळतं.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर त्याच मुंबईतली दुसरी गुप्त संस्था आठवल्याशिवाय राहवत नाही. उगवता तारा उगवून सहा वर्षं झाली होती. 1849 साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. तीही गुप्त, तिलाही दीक्षा, तिथंही एक परमेश्वर. आत जाताना जातिभेद मोडल्याची खूण म्हणून परजातीच्या, परधर्माच्या हातचं खायचं. साधारण अकरा वर्षं सभा चालली. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, बोभाटा झाला, आणि सभा मोडली. एकानं दुसऱ्याचं अनुकरण केलं असं मी म्हणत नाही. पण दोघांचे शेवट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मेसनांची गुपितं शंभर वर्षं छापील मिळत होती, त्यांचं काही बिघडलं नाही. परमहंसांची एक यादी बाहेर आली आणि सारा डोलारा कोसळला. मेसनांचं गुपित शोभेचं होतं, परमहंसांचं खरं होतं. परधर्मीयाच्या हातचा पाव खाल्ला हे कळलं की घर, जात, मुलीचं लग्न, सगळंच पणाला लागे. रायझिंग स्टारमधल्या पारशाला असा दंड भरावा लागत नव्हता, हे त्याच्या धाडसाचं माप घेताना ध्यानात ठेवलेलं बरं. परमहंसांतली काही मंडळी 1867 साली प्रार्थना समाज स्थापन करताना पुन्हा दिसतात, या वेळी उघड्या दारानं.

पारशांनी मात्र मेसनरी मनापासून आपली केली. यात सर्वांत मोठं नाव खरशेदजी रुस्तमजी कामा यांचं. पुढे व्यापार सोडून पॅरिस आणि जर्मनीत अवेस्तेचा शास्त्रीय अभ्यास करणारा हा माणूस 1854 साली रायझिंग स्टारमध्ये दाखल झाला आणि अर्धशतकाहून अधिक काळ मेसन राहिला. काळा घोड्याजवळची कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट त्यांच्याच स्मरणार्थ आहे. कामांच्या मेसनरीतल्या पन्नास वर्षांनिमित्त 1907 साली एक गौरवग्रंथ निघाला. तो संपादित केला जीवनजी जमशेदजी मोदी यांनी. तेही जरथुश्त्री धर्माचे मोठे पंडित आणि तेही मेसन. मेसनांचा एप्रन आणि पारशांची कमरेची कुस्ती, मेसनांचं प्रकाशाचं रूपक आणि पारशांचा अग्नी, अशी साम्यं ही मंडळी हौसेनं शोधत. सॉलोमनच्या मंदिराचा त्यांना विशेष अभिमान, कारण बाबिलोनच्या राजानं पाडलेलं ते मंदिर पुन्हा बांधायची परवानगी ज्यूंना दिली ती इराणच्या सायरसनं. ज्या मंदिरावर साऱ्या मेसनरीची कथा उभी आहे, ते आमच्या राजामुळे पुन्हा उभं राहिलं! काही साम्यं ओढूनताणून आणलेली आहेत, हे खरं. पण पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला घर आपलं वाटू लागलं की तो भिंतीवर आपल्या आजोबांचा फोटो लावतोच.

राजकारणाला लॉजमध्ये बंदी होती, तरी राजकारण करणारे तिथं पुष्कळ होते. दादाभाई नौरोजी मेसन, फिरोजशहा मेहता मेसन. यावरून काँग्रेस हा मेसनांचा कट होता असं सिद्ध करू पाहणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. मात्र एक साधी गोष्ट घडली असावी असं मला वाटतं. लॉजमध्ये सभा वेळेवर सुरू होते, मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम होतो, हिशेब मांडला जातो, मतदान गुप्त होतं, अध्यक्ष दरवर्षी बदलतो आणि गेल्या वर्षीचा अध्यक्ष मुकाट्यानं बाजूच्या खुर्चीत जाऊन बसतो. 1885 च्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे 72 प्रतिनिधी जमले, तेव्हा सभा कशी चालवायची हे ठाऊक असलेली माणसं मुंबईत तयार होती. ती शाळांत, असोसिएशनांत, नगरपालिकेत घडली, तशी काही लॉजमध्येही घडली.

पुण्याच्या लष्कर भागातही मेसन फार जुने. ‘ओरायन इन द वेस्ट’ हे तिथलं लॉज 1823 सालचं, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर पाचच वर्षांनी निघालेलं. शनिवार-नारायण पेठांत राहणाऱ्यांना त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर मेसनांनीही आपलं राज्य मागितलं. 24 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली, पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान. तिथं एका वेळी पाच ग्रंथ मांडतात: गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता. काही लॉजांनी मात्र इंग्लंड-स्कॉटलंडशी असलेली जुनी नाळ तोडली नाही. मुंबईत फोर्टमध्ये, स्टर्लिंग सिनेमाच्या परिसरात, फ्रीमेसन्स हॉल आजही उभा आहे. लोक सिनेमाची तिकिटं काढून त्याच्यावरून जातात. कोणी त्याला जादूघर म्हणत नाही, कारण तो काय आहे हे कोणी विचारतही नाही. रायझिंग स्टारचा इतिहास तर डी. एफ. वाडिया यांनी 1912 सालीच पुस्तक करून छापला.

आणि माणेकजी? ते स्मॉल कॉजेस कोर्टात न्यायाधीश झाले. आपल्या मुलींना त्यांनी इंग्रजी शिक्षण दिलं आणि पारशी समाजातल्या सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. 1863 साली त्यांनी मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. ती फोर्टमध्ये आजही भरते. वडिलांचा पुतळा उभारण्याचं काम याच सुमाराचं.

त्यांच्यासाठी उघडलेल्या लॉजचं दार त्या मुलींसाठी मात्र उघडलं नाही. ॲनी बेझंट यांनी 1902 साली स्त्री-पुरुष दोघांना घेणाऱ्या वेगळ्या मेसनरीत प्रवेश केला आणि ती हिंदुस्थानात आणली, पण इंग्लंड-स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजनी तिला मान्यता दिली नाही. मुंबईतल्या जुन्या परंपरेच्या लॉजांमध्ये स्त्रियांना आजही प्रवेश नाही.